न सुकणाऱ्या टोपल्या

"बाई, वास यायचा थांबला की उठून बाहेर या," रंगाच्या दुकानातला माणूस व्हार्निशचा डबा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाला होता. "वास गेलेला नसतो. नाक गेलेलं असतं."

मी "हो हो" म्हटलं आणि सोडून दिलं. एक तर माझ्या कडेवर माझी लेक मुंगी होती आणि ती काउंटरवरच्या बरणीतला ब्रश ओढून तोंडात घालायच्या बेतात होती. दुसरं म्हणजे हा माणूस हे वाक्य सगळ्यांनाच ऐकवतो. माझ्या पुढे एक सुतार उभा होता, त्यालाही त्याने हेच ऐकवलं, आणि सुताराने ते ऐकताना त्याच्याबरोबर नुसते ओठ हलवले. एखादी गोष्ट इतक्यांदा म्हटली गेली की ती सूचना राहत नाही, दुकानाची पाटी होते. मला स्वतःच्या काळज्या भरपूर आहेत, दुकानदाराच्या कशाला घेऊ?

व्हार्निश हवं होतं टोपल्यांसाठी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोकरवाल्या काकूंचं दुकान आहे. ते होतं अगदी कपाटाएवढं, एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं आली तर एकीला पायरीवर उभं राहावं लागायचं. शेजारचा गाळा मिळाला तेव्हा काकूंनी ठरवलं की आता भिंतभर फळ्या ठोकायच्या, त्यांवर वेताच्या टोपल्या मांडायच्या, आणि ज्या टोपलीत ज्या रंगाची लोकर तिला त्या रंगाचा पट्टा. म्हणजे गिऱ्हाइकाने आपलं आपण बघून काढावं आणि काकूंच्या गुडघ्यांना आराम. टोपल्या आल्या त्या साध्या, कोऱ्या. रंगवायचं काम काकूंनी दिलं माझ्या मावशीला, कारण त्या दोघी जुन्या मैत्रिणी. आणि मावशीने त्यात मला ओढलं, कारण कॉलेजात मला चित्रकला होती. त्या चित्रकलेचा पुढे कुणाला काही उपयोग झालेला नाही, हे मावशीला ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "तुझ्या आईने त्या रंगपेट्या घेताना किती कुरकुर केली होती माहीत आहे का? वसूल कर आता."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती, त्यामुळे आवाज अजून लोण्यासारखा आणि दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडायची सवय लोखंडासारखी. आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आणि गॅलरी आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची गॅलरी दिसते, म्हणजे दूध उतू जाऊ नये म्हणून मी उभी असते तेव्हा एक डोळा दुधावर, एक मुंगीवर आणि उरलेलं लक्ष मावशीवर. काका गेल्यापासून ती एकटी राहते, आणि तिला ते आवडतं. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, आमच्या ताईला, ते अजिबात आवडत नाही. ताई दूरच्या शहरात राहते, दिवसभराचा प्रवास. तिच्या घरात आईसाठी खोली तयार आहे, खोलीत पलंग आहे, पलंगावर चादर घातलेली आहे. मावशी त्या खोलीला "वेटिंग रूम" म्हणते.

दोघींमध्ये बरीच भांडणं होऊन शेवटी तह झाला होता. जोवर मावशी आपलं आपण सगळं नीट करते आहे, तोवर ताईने विषय काढायचा नाही. ज्या दिवशी काही कमीजास्त होईल, त्या दिवशी सामानाची गाडी येईल आणि मावशीने मुकाट्याने बसायचं. या तहाची साक्षीदार मी. ताई दर रविवारी मला फोन करायची, म्हणायची, तुझं लक्ष असतंच सगळीकडे, तू दाराची कडी तीन वेळा बघणारी. आणि ताईचा फोन ठेवला की लगेच मावशीचा यायचा, काय विचारत होती? म्हणजे मावशीचं घर राहायचं की जायचं, हे बरंचसं माझ्या तोंडावर होतं, आणि हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

तर टोपल्या. कोरी टोपली दिसते तितकी सरळ नसते. आधी तिची कुसळं काढावी लागतात, वेताचे बारीक धागे सगळीकडून उभे असतात आणि लोकरीला तेच नेमके अडकतात. मग पॉलिशपेपरने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यायचा, तो सुकला की पट्टा, आणि पट्टा सुकला की व्हार्निश. हे सगळं मला दुसऱ्या टोपलीपर्यंत कळलं. पहिल्या टोपलीवर मी थेट पानं काढायला बसले होते. कागदावर मी पान बरं काढते. पण वीण म्हणजे कागद नव्हे. ब्रश वरच्या वेतावरून टुणटुण उड्या मारत जातो, मधल्या खाचेत उतरतच नाही, आणि पानाची कड गुबगुबीत, तुटक होत जाते. मी दूर धरून बघितलं, तर हिरव्यागार अळ्यांची रांग.

मावशीने चष्मा वर सरकवून बघितलं. म्हणाली, "सुंदर आहेत. पण लोकरीच्या दुकानात अळी बघून गिऱ्हाईक टिकेल का, तेवढं बघ."

तेव्हापासून आम्ही चित्रं सोडली. वीण जे सांगते तेच करायचं ठरवलं. आखूड, ताठ केसांचा ब्रश घ्यायचा आणि फक्त वर आलेला वेत रंगवायचा, खाली गेलेला सोडायचा. एक रंगीत, एक कोरा, एक रंगीत, एक कोरा. पुढच्या ओळीत आपोआप उलट होतं. आपण काही न ठरवता सुबक चौकड्या उमटतात, आणि श्रेय आपल्याला मिळतं. मुंगीला हे फार आवडायचं. ती दाराच्या पलीकडे गॅलरीत, मी मधे आडव्या लावलेल्या इस्त्रीच्या टेबलामागे, उभी राहून प्रत्येक ठिपक्याला "हा, हा" म्हणायची. मला वाटतं तिला वाटत होतं की ती मोजते आहे.

इस्त्रीचं टेबल आडवं लावायची कल्पना माझी. रंग, टर्पेंटाइन आणि दीड वर्षाचं मूल एका खोलीत असणं माझ्या स्वभावात बसत नाही. पट्ट्यांचं काम मी उंबऱ्याजवळ बसून करायची, म्हणजे मुंगी नजरेसमोर. व्हार्निश मात्र आत खोलीतच लावावं लागायचं, कारण गॅलरीत वाऱ्याबरोबर धूळ येते आणि ओल्या व्हार्निशवर बसते ती कायमची. आणि त्या वासाने माझं कपाळ दुखायला लागायचं, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तरी. म्हणून व्हार्निशचं काम मावशीकडे गेलं. तिला काहीच व्हायचं नाही. ती टोपली मांडीवर घेऊन, गाणं गुणगुणत, आरामात बसायची.

याचं आम्हाला सगळ्यांना केवढं कौतुक. लोकरवाल्या काकू एकदा प्रगती बघायला आल्या, दारातच नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, तू बसतेस तरी कशी गं इथे. मावशी म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये बारा बायकांचे बारा डबे एकदम उघडायचे. त्याच्यापुढे हे अत्तर आहे." काकूंनी हे दुकानात येईल त्याला सांगितलं. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने त्याच्या ऑफिसात सांगितलं. माझा नवरा जरा जास्तच दिलदार आहे, त्याने म्हणे 'आमच्या मावशी म्हणजे लोखंडी बाई' असंही जाहीर केलं.

त्याच दिवसांत आणखी दोन गोष्टी घडत होत्या, आणि त्या मी बघत होते. बघत होते, पण जोडत नव्हते. एक म्हणजे मावशीचं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचं भांडण. तिचं म्हणणं, वाणी चहाच्या पुडीत भुसा भरतो, चहाला चवच नाही. तिने तीन वेळा पुडा बदलून आणला, मग दुसऱ्या दुकानातून आणला, मग म्हणाली सगळ्यांनी संगनमत केलंय. मी तिच्या हातचा चहा प्यायचे तेव्हा तो इतका कडक असायचा की जीभ टाळूला चिकटायची. मी ते वयावर ढकललं. दुसरी गोष्ट मुंगीची. मावशीच्या मांडीवर बसून ती चिमणीची गोष्ट ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने जे करायचं ते केलं. मी उंबऱ्यापाशी होते, मला ते कळलं. खालून जाणाऱ्या पोस्टमनलाही कळलं असेल. मावशी मात्र चिमणीला घरटं बांधून देत निवांत बसली होती. मला वाटलं, काय ही माया. माझी आईसुद्धा अशा वेळी मूल हात लांब करून माझ्याकडे देते.

शेवटच्या तीन टोपल्या राखाडी लोकरीसाठी होत्या. त्यांच्यावर व्हार्निश लावून झालं आणि आम्ही सुस्कारा टाकला. बाकीच्या सगळ्या एका रात्रीत सुकल्या होत्या, टणटणीत. या तिन्ही सकाळी पाहिल्या तर ओल्याच. दुपारी ओल्याच. दुसऱ्या दिवशीही नुकत्या नदीतून काढल्यासारख्या चकचकीत. मावशी म्हणाली हवा दमट आहे. मी म्हटलं डब्याच्या तळाचं व्हार्निश असेल, गाळ. काकूंचं मत पडलं की राखाडी रंग मुळातच आळशी, त्या रंगाचे स्वेटरही कधी पुरे होत नाहीत. शेवटी आम्ही त्या गॅलरीत उन्हात आणून ठेवल्या, मुंगीचा हात पोचणार नाही असं मला वाटलं त्या कोपऱ्यात.

मी आत ब्रश धूत होते. मावशी म्हणाली, सकाळपासून काही खाल्लं नाहीस, दोन दिवस मीच तुझ्याकडे जेवतेय, थांब, आज अंडं तळते तुला, आणि स्वयंपाकघरात गेली. मी मान वर केली तेव्हा मुंगी एका टोपलीची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिने हात सोडले, त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं आणि सगळी बोटं एकदम तोंडात घातली.

इस्त्रीचं टेबल मी कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. तिची बोटं बाहेर ओढली, तोंड उघडून बघितलं, आणि मग नेहमी करते ते केलं. हुंगलं. मुलगी झाल्यापासून नाक हेच माझं मुख्य हत्यार आहे. दूध फाटलंय का, ताप उतरलाय का, कपाळाला लावलेलं मलम तोंडात गेलंय का, हे मला आधी नाकाने कळतं. मुंगीच्या बोटांना व्हार्निशचा वास नव्हता. खायच्या तेलाचा होता. साधं, रोजचं, कढईतलं तेल.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच खाली बसले. टोपली हुंगली. तेल. दुसरी, तिसरी, तेल. मावशीने तीन टोपल्यांना चांगलं चापून चोपून तेल लावलं होतं, त्या सुकणार कुठून? मला हसूच फुटलं. व्हार्निशच्या डब्याचं झाकण गंजून अडकायचं, म्हणून आम्ही ते एका काचेच्या बरणीत काढलं होतं, आणि मावशीच्या घरात सगळ्या बरण्या एकाच घाटाच्या. रंग दोन्हींचा मधासारखा. मी बरणीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती, पण ओघळांनी ती केव्हाच सुटून गेली होती.

मग हसू थांबलं. तेल टोपल्यांवर आहे, तर व्हार्निश कुठे आहे?

आतून शेगडीचा खटका वाजला, आणि पेटल्याचा तो भुस्स आवाज.

मी मुंगीला काखेत मारलं आणि आत गेले. तवा तापायला ठेवलेला होता. अंडं हाताशी काढून ठेवलेलं. मावशीच्या हातात बरणी होती आणि ती तव्यावर तिरपी करायच्या बेतात होती. मी ओरडले नाही. ओरडले असते तर तिचा हात हलला असता. मी मागून हात घालून शेगडी बंद केली आणि म्हटलं, "मावशी, बरणी खाली ठेव."

तिने ठेवली. बरणीतून अख्ख्या रंगाच्या दुकानाचा वास येत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तेल."

"हुंग."

तिने बरणी उचलली, डोळे मिटून मोठा श्वास घेतला, आणि म्हणाली, "तेलच की." पण म्हणताना ती बरणीकडे बघत नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. वर्गात उत्तर पाठ नसलेलं पोर बाईंच्या चेहऱ्यावरून ताडायला बघतं ना, बरोबर आहे की चूक, तशी.

ती स्टुलावर बसली. मुंगीने काखेतून हात बाहेर काढला आणि तिच्या चष्म्याची दांडी धरली. मावशीने धरू दिली.

मग हळूहळू बाहेर आलं. थंडीत तिला मोठी सर्दी झाली होती, आम्ही काढे पाजले होते, मलम चोळलं होतं. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. आधी तिला वाटलं येईल आठवड्यात. मग वाटलं येईल महिन्यात. चहाला चव लागेना तेव्हा तिने वाण्याला धारेवर धरलं, कारण वाण्याला दोष देणं सोपं होतं. मुंगीच्या त्या प्रसंगी तिला खरंच काही कळलं नव्हतं, माझं तोंड वाकडं झालेलं बघून मग कळलं. मी विचारलं, आणि व्हार्निश? तू स्वतःहून मागून घेतलंस ते काम. ती म्हणाली, "सगळे म्हणायला लागले, मावशीचं नाक काय भारी आहे. या वयात गुडघ्यांची चौकशी करतात लोक, कौतुक कोण करतं? बसले."

मला रंगवाला आठवला. मला वाटलं होतं तो नुसत्या व्हार्निशच्या वासाबद्दल बोलतोय, कुणाचं नाक खरंच गेलेलं असेल हे मनातही आलं नव्हतं. सुताराने निदान ओठ तरी हलवले होते.

"ताईला सांगशील," मावशी म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "माझं नाक गेलंय गं. डोकं जागेवर आहे, पाय चालतात. एका नाकापायी घर सोडू?"

"नाकापायी नाही," मी म्हटलं. "पण घरच पेटलं तर सोडावं लागेलच. आणि गॅस सुटला तर तुला कळणार कसं?"

तिने तव्याकडे बघितलं. मग उठली, बरणीला घट्ट झाकण लावलं, ती माझ्या हातात दिली आणि फोनकडे गेली. म्हणाली, मीच सांगते. "तू सांगितलंस तर ती घाबरेल. मी सांगितलं तर चिडेल. चिडलेली बरी, चिडलेलं माणूस विचार करतं."

फोनवर तिने ऑपरेटरचा आवाज लावला. तो आवाज ती बिकट बातमीला लावते, काकांच्या वेळीही लावला होता. मला एकच बाजू ऐकू येत होती. हो. नाही. थंडीपासून. हो, शेगडीजवळ. नाही, कुणाला काही झालं नाही. आणि शेवटी, "बरं. ये." मावशीने फोन ठेवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, बॅगा घेऊन येते म्हणाली. रिकाम्या.

ताई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. खरंच दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या, घडी घालून काखेत धरलेल्या. चहासुद्धा न घेता तिने मावशीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि परीक्षा सुरू केली. पहिल्यांदा साबण दिला. मावशी म्हणाली साबण. ताईचा चेहरा उजळला. मग मीच म्हटलं, हातात नको देऊस, गुळगुळीतपणाने ओळखला तिने. मावशी रुमालाच्या आतून म्हणाली, "तू माझ्या बाजूची की तिच्या?" त्यानंतर ताईने सगळं स्वतःच्या हाताने नाकासमोर धरलं. कॉफी, मावशी म्हणाली हळद. चिरलेला कांदा, म्हणाली काहीच नाही, पण डोळे चुरचुरतायत म्हणजे कांदा. हे आम्ही अर्धं धरलं. शेवटी ताईने मुंगीचं डोकं पुढे केलं. मावशी ताबडतोब म्हणाली, ही मुंगी. ताई रुमाल सोडायला पुढे झाली. मावशी म्हणाली, "अगं, केस गुदगुल्या करतायत."

नाकाच्या डॉक्टरीण बाईंकडे आम्ही तिघी आणि मुंगी अशी वरात गेली. बाईंनी आत दिवा घालून बघितलं, बरेच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, सर्दीनंतर कधी कधी असं होतं, कधी हळूहळू परत येतं, कधी नाही. ओळखीचे चार वास ठरवा, सकाळ-संध्याकाळ हुंगा, तो वास पूर्वी कसा होता ते आठवत हुंगा. वचन मात्र त्यांनी कशाचंच दिलं नाही. आणि गॅस वापरत असाल तर सांभाळा, एवढं बजावलं. ताईने माझ्याकडे बघितलं, मावशीने छताकडे.

घरी आल्यावर व्हायचं ते झालं. ताई म्हणाली, तह म्हणजे तह. मावशी म्हणाली, तहात नाकाचा उल्लेख नव्हता. दोघींनी माझ्याकडे बघितलं, आणि इतकी वर्षं दोन्ही बाजूंना "बघू या" म्हणणाऱ्या मला पहिल्यांदाच एक बाजू घ्यावी लागली. मी म्हटलं, गॅस जाऊ दे, मावशी राहू दे. विजेची शेगडी आणू, बरण्या वेगवेगळ्या घाटाच्या करू, रंगाचा एक थेंब या घरात ठेवायचा नाही, आणि रोज सकाळी एक नाक इथे हजर होईल. ताई म्हणाली, कुणाचं? माझं, मी म्हटलं. तू आजारी पडलीस तर? गावाला गेलीस तर? इतक्यात टोपल्यांचं काय झालं ते विचारायला आलेल्या लोकरवाल्या काकू दारातून म्हणाल्या, "मी आहे की. माझं नाक तसंही सगळ्यांच्या घरात असतं, लोक म्हणतातच."

ताई हसली नाही. बॅगा तिथेच टाकून गॅलरीत गेली. त्या तीन तेलकट टोपल्या तिथे होत्या, धूळ खाऊन आणखी वाईट झालेल्या. तिने बादली भरली, सोडा टाकला आणि एक टोपली ब्रशने खसाखसा घासायला घेतली, जणू तिनेच गुन्हा केला होता. थोड्या वेळाने मावशी जाऊन समोर बसली आणि तिने दुसरी घेतली. मग मावशी म्हणाली, आडवं घासू नकोस, विणीच्या दिशेने घास. ताई म्हणाली, मला शिकवू नकोस. मावशी म्हणाली, मग कुणाला शिकवू, मला एकच आहेस. मी मुंगीला घेऊन आत गेले. माझं लक्ष सगळीकडे असतं हे खरं, पण कुठे नसावं हेही थोडंफार कळतं मला.

मी परत आले तेव्हा त्या दोघी विजेची शेगडी एका चुलीची घ्यावी की दोन यावर भांडत होत्या. मावशीला दोन हव्या होत्या, एक दुधाला आणि एक चहाला. ताई म्हणत होती, एका वेळी एकच गोष्ट कर ना. यावरून मला कळलं की निकाल लागला आहे.

ताई त्या रिकाम्या बॅगा घेऊन परत गेली, पण अगदी रिकाम्या नाही. एकीत गॅसची शेगडी होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. म्हणाली, ही इथे ठेवली तर ही बाई महिन्यात परत जोडून घेईल. मावशी म्हणाली, पंधरा दिवसांत.

राखाडी टोपल्यांना परत पांढरा हात द्यावा लागला, परत पट्टा, आणि व्हार्निश लावलं ते माझ्या नवऱ्याने, आमच्या गच्चीवर, नाकाला फडकं बांधून, दर पाच मिनिटांनी जिन्यात येऊन खोकत. लोखंडी बाईबद्दल तो आता काही बोलत नाही. काकूंचं नवं दुकान उघडलं. भिंतभर टोपल्या, लाल, पिवळ्या, निळ्या, प्रत्येकीच्या कमरेला चौकड्यांचा पट्टा. गिऱ्हाइकं आपलं आपण बघून काढतात आणि मग काकूंनाच विचारतात, हा रंग मला शोभेल का. काकू उठतातच. गुडघ्यांना आराम काही मिळाला नाही. अळ्यांची टोपली त्यांनी फेकली नाही, विणकामाच्या सुया ठेवायला गल्ल्याशेजारी घेतली आहे. लहान मुलांना ती सगळ्यांत आवडते.

आणि रोज सकाळी मी आणि मुंगी समोर जातो. मावशी दार उघडून आत ओरडते, कुणाला ते देव जाणे, "नाक आलं." मुंगी दोन्ही खोल्यांत ससोबासारखं नाक हलवत फिरते, तिला वाटतं हा खेळ आहे. मी फिरत फिरत दूध बघते, पिठाचा डबा बघते, शेगडीची बटणं बघते. मग मावशी तिचे चार वास हुंगायला बसते, साबण, कॉफी, लिंबू, लवंग, आणि परवा लवंगेपाशी थांबली. म्हणाली, काहीतरी आहे. काय आहे ते सांगता येत नाही, लांब कुणीतरी बोलतंय आणि शब्द कळत नाहीत असं. मी म्हटलं, लाईन लागेल. ती म्हणाली, घाई करायची नाही, पलीकडच्याला वेळ द्यायचा.

आता तुम्हाला एक काम सांगते, आणि ते आजच करा, उद्यावर टाकू नका. तुमचंही कुणीतरी एकटं राहत असेल. मावशी, आत्या, काका, वरच्या मजल्यावरचे कुणीतरी आजोबा. सगळं छान चाललंय असं तुम्हाला वाटत असेल, आणि चाललंही असेल. तरी जा. गप्पा मारता मारता डोळे मिटायला सांगा आणि कॉफी नाकासमोर धरा, हातात देऊ नका. ओळखलं तर हसा आणि त्याच कॉफीचा कप पिऊन या. नाही ओळखलं, किंवा ओळखलं पण तुमच्या चेहऱ्याकडे बघत ओळखलं, तर काही बोलू नका. आधी आत जा आणि शेगडी बंद आहे ना, तेवढं बघा.